पोटात दुखणारे भेव

विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि नेमका तोच पंधरवडा वऱ्हाडात पेरणीचा असतो. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील कोरडवाहू गावांत त्या दिवसांत मोठ्यांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात, सोयाबीन-कपाशीचे बियाणे उधारीवर उचलायचे की पीककर्ज हाती येईपर्यंत थांबायचे यावर रात्री उशिरापर्यंत बोलणी चालतात, आणि त्याच घरातले पाचवी-सहावीतले लेकरू सकाळी ‘माह्या पोटात दुखून रायलं’ म्हणून अंथरुणातून उठत नाही. घरातली माणसे ओवा देतात, दृष्ट काढतात, दोन दिवस घरी ठेवतात. पोट थांबते आणि सोमवारी पुन्हा दुखू लागते. अशा दुखण्यामागे अनेकदा जे असते त्याला मानसशास्त्रात ‘चिंता’ म्हणतात आणि वऱ्हाडी बोलीत त्यासाठी ‘भेव’ हा नेमका शब्द आहे. मुलांमधले हे भेव कसे ओळखावे, ते कशाने वाढते आणि घराने व शाळेने त्याला कसे हाताळावे, याचा विचार येथे केला आहे.

भीती आणि चिंता या दोन शब्दांत एक उपयुक्त फरक आहे. समोर साप दिसल्यावर वाटते ती भीती; साप निघेल या विचाराने धुऱ्यावर पाऊलच न टाकणे ही चिंता. भीतीचे कारण डोळ्यांसमोर असते, चिंतेचे कारण पुढे कधीतरी घडू शकेल अशा गोष्टीत असते, आणि म्हणूनच भीती कारण टळले की ओसरते, तर चिंता कारण नसतानाही टिकून राहते. मुलांच्या वाढीत काही भीती वयाबरोबर येतात आणि वयाबरोबर जातात: सात-आठ महिन्यांचे बाळ परक्या चेहऱ्याला पाहून रडते, तीन-चार वर्षांच्या मुलाला अंधाराचे व भुताचे भय वाटते, सात-आठव्या वर्षी आई-बाप मरतील काय हा प्रश्न छळू लागतो, आणि किशोरवयात चारचौघे आपल्याला हसतील ही धास्ती सर्वांत मोठी होते. यांपैकी कशालाही आजार म्हणता येत नाही. भीती वयाच्या मानाने फार मोठी असेल, आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल आणि तिच्यामुळे शाळा, झोप, जेवण, खेळ किंवा मैत्री यांतले काहीतरी बंद पडू लागले असेल, तेव्हा तिला ‘चिंताविकार’ म्हणतात. यांपैकी शेवटची खूण पालकांनी विशेष लक्षात ठेवावी. मूल किती घाबरते यापेक्षा घाबरल्यामुळे काय करायचे सोडते, हे पाहणे अधिक बोलके असते.

पोटाचे दुखणे खरे की खोटे, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे द्यायला हवे: ते खरे असते. धोका जाणवताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रतिसादाचे वर्णन केले. ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक, म्हणजे ग्रंथींतून थेट रक्तात मिसळणारे रसायन, वाढते, हृदय जोरात धडधडते, श्वास उथळ व जलद होतो, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते आणि पचनाचे काम मंदावते. आतड्यांच्या भिंतींत मज्जातंतूंचे स्वतःचे दाट जाळे असून ते मेंदूशी सतत जोडलेले असते, त्यामुळे मेंदूतील धोक्याची घंटा पोटात मुरडा, मळमळ किंवा वारंवार शौचाची भावना बनून उमटते. मराठीत ‘पोटात गोळा येणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला तो उगाच नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ‘मला काळजी वाटते’ असे म्हणता येत नाही, पण पोट दाखवता येते. त्याला ‘नाटक करतो’ म्हटले की दुखणे कमी होत नाही, फक्त सांगणे बंद होते.

तथापि प्रत्येक पोटदुखीला चिंता ठरवणेही तितकेच धोक्याचे आहे. जंत, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग ही साधी कारणे आधी तपासून घ्यावीत. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि त्यात पोट व हातपाय तीव्र दुखण्याचे झटके येतात, म्हणून कुटुंबात कोणाला तो असल्यास किंवा मूल वारंवार फिकट व थकलेले दिसल्यास शासकीय रुग्णालयात रक्ततपासणी करून घेणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू असून त्याची वैद्यकीय पथके अंगणवाडी व शाळांतून मुलांची तपासणी करतात. पोटाची तक्रार त्या पथकाच्या कानावर घालणे हा विनाखर्चाचा पहिला टप्पा ठरू शकतो. वजन घटणे, ताप, शौचातून रक्त, किंवा झोपेतून जागे करणारी वेदना असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. उलट दुखणे शाळेच्या दिवशी सकाळी येत असेल, बस निघून गेली की तासाभरात मावळत असेल, सुटीत गायब होत असेल आणि रविवारी संध्याकाळी मुलाचा चेहरा उतरू लागत असेल, तर चिंतेचा विचार करण्यास जागा आहे. आठ-पंधरा दिवस साध्या वहीत तारीख, वार, वेळ आणि त्या दिवशी शाळेत काय होते एवढे टिपून ठेवले तर हे चित्र आपोआप उभे राहते, आणि पुढे डॉक्टरांनाही त्या पानाचा उपयोग रक्ताच्या अहवालाइतकाच होतो.

आणखी एक तपासणी घराने स्वतः करायची असते. मूल ज्याला भिते ते खरोखरच तिथे आहे काय? वर्गात मार बसत असेल, मोठी मुले पैसे काढून घेत असतील, बसमध्ये किंवा वाटेवर कोणी त्रास देत असेल, तर तिथे मुलाचे भेव बरोबर आहे आणि दुरुस्ती परिस्थितीची करायला हवी. शिक्षणहक्क कायदा, २००९ मधील कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी केली आहे, आणि लैंगिक त्रासाची शंका असल्यास १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक चोवीस तास चालू असतो. अशा मुलाला धीटपणाचे धडे देऊन त्याच जागी परत पाठवणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा एकटे पाडणे होय.

खरा धोका नसताना भेव टिकून राहते ते कशामुळे, हा या विषयाचा गाभा आहे. मूल शाळेला निघताना घाबरते, आईचा जीव कळवळतो, ती म्हणते ‘राहू दे आज’, आणि पाच मिनिटांत मुलाचे पोट थांबते. त्या सुटकेतून मुलाचा मेंदू एक धडा शिकतो: शाळा खरेच धोक्याची होती आणि घरी राहिल्यामुळे आपण वाचलो. दुसऱ्या दिवशी भेव थोडे मोठे होऊन परत येते. मानसशास्त्रात याला ‘टाळणे’ म्हणतात, आणि मुलाचे टाळणे सोपे व्हावे म्हणून घरातील माणसे जे जे करतात, म्हणजे पाहुण्यांसमोर मुलाच्या वतीने उत्तर देणे, रात्री त्याच्याजवळ झोपणे, ‘बाबा केव्हा येतीन’ या प्रश्नाला एका संध्याकाळी वीस वेळा तेच उत्तर देणे, त्या सर्वांनी भेवाला खतपाणी मिळते. हे सारे मायेपोटी घडते. त्यात आई-वडिलांचा दोष शोधणे अन्यायाचे आहे. पण भेवाला मिळणारा हा रोजचा खुराक ओळखल्याशिवाय पुढचे काहीही साधत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना उपचारासाठी न बोलावता केवळ पालकांना हा खुराक कमी करायला शिकवले, आणि मुलांमध्ये झालेली सुधारणा थेट मुलांवर केलेल्या उपचाराच्या तोडीची निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणी दर आठवड्याला मुलाला नेणे ज्यांना परवडत नाही, अशा घरांसाठी ही गोष्ट मोलाची आहे.

याच्या उलट टोकाला ‘भित्रा कुठला’ म्हणून मुलाला फटकारून बसमध्ये कोंबणे असते. त्याने कधी शाळेची हजेरी भरते, पण मुलाच्या लेखी आता दोन संकटे होतात, एक शाळा आणि दुसरे घरातले मोठे माणूस. या दोन टोकांमधली वाट अशी की मुलाचे भेव मान्य करायचे आणि तरीही पाऊल पुढे टाकायचे. ‘काही होत नाही, भिऊ नको’ या वाक्यात मुलाला जे होत आहे तेच नाकारले जाते. ‘तुले भेव वाटून रायलं, मले समजते, तरी आपुन फाट्यापर्यंत जाऊ’ या वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत. बोलीचा हा आग्रह किरकोळ मानू नये. घाबरलेल्या मुलाला पुस्तकी वाक्य परके वाटते, मायच्या रोजच्या बोलण्यातले वाक्य आत पोचते.

फाट्यापर्यंत जाण्याची ही रीत ‘पायरीपायरीने सामोरे जाणे’ या नावाने ओळखली जाते. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या चिमुकल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी दूर आणि मग दिवसेंदिवस जवळ आणत नेला गेला, आणि शेवटी पीटर त्या सशाला हात लावू लागला. शंभर वर्षांनंतरही मुलांच्या चिंतेवरील उपचारांचा कणा हाच आहे.

हीच रीत तिवसा तालुक्यातील एखाद्या गावाला कशी लागू करावी, हे जरा जवळून पाहणे बरे. अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी-पाचवीला किंवा सातवीला संपते आणि त्यानंतर मुलांना एसटीने तिवसा, कुऱ्हा किंवा मोझरीला जावे लागते. आजवर घराच्या हाकेच्या अंतरावर असलेली शाळा एकदम महामार्गापलीकडे जाते, वर्गात पन्नास अनोळखी चेहरे असतात, आणि परतीची बस चुकली तर काय, हा प्रश्न दिवसभर डोक्यात फिरत राहतो. अशा मुलाशी एखाद्या निवांत संध्याकाळी, सकाळच्या गडबडीत मुळीच नव्हे, बसून पायऱ्या ठरवाव्यात. रविवारी रिकाम्या फाट्यापर्यंत चालत जाऊन परत येणे ही पहिली पायरी असू शकते. मग गणवेश घालून फाट्यावर उभे राहणे, बस येते कशी, थांबते कशी, निघते कशी एवढे नुसते पाहणे. मग आईसोबत तिवस्यापर्यंत एक फेरी, बसस्थानकावर उतरून चौकशी खिडकी कुठे आहे आणि परतीची दुसरी बस किती वाजता आहे हे मुलाने स्वतः विचारणे. पुढे शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन वर्गशिक्षकांना भेटणे, नंतर पहिले दोन तास बसून परतणे, आणि मग पूर्ण दिवस, गावातल्याच एखाद्या मोठ्या मुलीच्या किंवा मुलाच्या सोबतीने.

प्रत्येक पायरीचे भेव मुलाने रुपयात सांगावे, असा एक साधा उपाय करता येतो. दहा रुपये म्हणजे जीव जाईल असे वाटणे, शून्य म्हणजे काहीच न वाटणे. ‘आज फाट्यावर किती रुपयांचं होतं?’ या प्रश्नाला मूल ‘सात’ म्हणते, दहा मिनिटे तिथेच थांबल्यावर ‘पाच’ म्हणते आणि तिसऱ्या दिवशी ‘दोन’. भेव आपोआप उतरते, त्यासाठी पळावे लागत नाही, हा अनुभव मुलाला कोणत्याही उपदेशाने देता येत नाही. तो त्याच्याच तोंडून निघालेल्या आकड्यांतून येतो. यात अट एवढीच की भेव चढलेले असताना माघारी फिरू नये, थोडे उतरेपर्यंत त्याच पायरीवर थांबावे, आणि दोन-तीन रुपयांवर आल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. पायरी फार उंच निघाली तर तिचे दोन भाग करावेत. शाबासकी पायरी चढल्याबद्दल द्यावी, न घाबरल्याबद्दल नव्हे, कारण न घाबरणे मुलाच्या हातात नसते.

श्वासाचा सराव यात सहायक म्हणून घेता येतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ लावला, उदाहरणार्थ मनात तीन मोजत आत आणि पाच-सहा मोजत बाहेर, तर हृदयाची गती मंदावते. तो सराव भेव नसताना रोज करावा लागतो, तरच ऐनवेळी हाताशी येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये याच तालुक्यात मोझरीजवळ गुरुकुंज आश्रम उभारला आणि गावोगाव सामुदायिक प्रार्थनेची शिस्त रुजवली. ज्या घरांतून ती प्रार्थना आजही होते तिथे तिच्या आधीची दोन शांत मिनिटे या सरावासाठी सहज मिळू शकतात. वेगळा वेळ काढावा लागणाऱ्या गोष्टी शेतकरी घरात टिकत नाहीत, असलेल्या रिवाजाला जोडलेल्या टिकतात.

आता त्या विषयाकडे वळायला हवे ज्याला वऱ्हाडात टाळून चालत नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा हे सहा जिल्हे शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर ओळखले गेले आणि २००६ मध्ये पंतप्रधानांनी त्यांच्यासाठी खास मदत जाहीर केली. त्या चर्चेत कर्ज, सिंचन आणि भाव यांचा विचार झाला, पण त्याच घरांत वाढणाऱ्या मुलांच्या मनात काय साचत होते याकडे फारसे लक्ष गेले नाही. शेजारच्या घरात किंवा नात्यात अशी घटना घडलेली असेल, तर बापाला शेतातून यायला उशीर झाला की लेकराचा जीव खालीवर होतो. काही मुले रात्री उठून बाप अंथरुणात आहे ना ते पाहून येतात, काही शाळेतून वारंवार घरी फोन लावायला सांगतात, तर काहींचे पोट नेमके बँकेची नोटीस आलेल्या आठवड्यात दुखते. अशा मुलाला शाळेची भीती वाटत नसते, घर सोडून जाण्याची वाटत असते. आपण पहाऱ्यावर नसलो तर घरी काहीतरी होईल, असे त्याला वाटते. येथे पायऱ्या उपयोगी पडतात, पण त्याआधी बोलणे व्हावे लागते.

मुलांपासून कर्ज लपवता येत नाही, कारण भिंती पातळ असतात आणि अर्धवट ऐकलेले पूर्ण ऐकल्यापेक्षा अधिक भेसूर असते. म्हणून त्याला पेलेल एवढे खरे सांगावे: औंदा सोयाबीन कमी झाले, बँकेचे पैसे देणे आहे, त्यासाठी आई-बाबा व काका मिळून मार्ग काढत आहेत, आणि ते काम मोठ्यांचे आहे, तुझे काम शाळेचे आहे. ‘सगळं ठीक आहे’ हे खोटे आश्वासन मूल लगेच ओळखते. बाप स्वतः मुलाजवळ बसून ‘मी आहो, मी कुठी जात नाही’ म्हणाला तर त्या वाक्याचे वजन आईच्या दहा वाक्यांहून अधिक भरते. मात्र बाप स्वतःच खचला असेल, झोप उडाली असेल, दारू वाढली असेल किंवा मरणाची भाषा येत असेल, तर मुलाच्या चिंतेवरचा पहिला उपचार म्हणजे बापाला मदत मिळवून देणे. कीटकनाशकांचे डबे कुलपात किंवा घराबाहेर ठेवणे हा त्यातलाच भाग आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवला गेला, ज्यात गावातच जनजागृती व समुपदेशन झाले आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांपर्यंत नेण्याची सोय केली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासानुसार नैराश्य असलेल्या प्रौढांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वऱ्हाडातला माणूस मनाचे दुखणे बोलून दाखवत नाही, ही समजूत त्या आकड्यांपुढे टिकत नाही; सोय दारात आली तर तो बोलतो.

शाळेकडून फार मोठ्या गोष्टींची अपेक्षा नसते. एका ठरावीक शिक्षकाने पहिले काही दिवस फाटकाशी मुलाला नावाने हाक मारून घेणे, उशिरा आल्यास वर्गासमोर जाब न विचारणे, उभे करून वाचायला लावण्याआधी त्या मुलाला एकट्याने एकदा वाचू देणे, पोट दुखल्यास घरी पाठवण्याऐवजी दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा वर्गात नेणे, एवढ्याने बरेच साधते. घरी अखंड बोलणारे पण शाळेत महिनोन्महिने एक शब्दही न काढणारे मूल हट्टी असते असे नाही. त्याला ‘निवडक मौन’ म्हणतात आणि तोही चिंतेचाच प्रकार आहे. नवोदय, शिष्यवृत्ती आणि दहावीच्या परीक्षांबाबत एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे: गुणांची चर्चा जेवणाच्या ताटावर आणू नये.

बाहेरची हवा, नजर, करणी अशा समजुतींमुळे काही घरांत मुलाला आधी देवऋषीकडे नेले जाते. अंगारा लावल्याने आईला धीर येत असेल तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, परंतु भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारणे, दोराने बांधणे, चटके देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलाच्या चिंतेत त्याने कायमची भर पडते.

महिना-दीड महिना घरचे प्रयत्न करूनही शाळा सुरू होत नसेल, मूल जेवत-झोपत नसेल, अचानक धाप लागून ‘मरतो’ असे वाटण्याचे झटके येत असतील, तर तज्ज्ञांकडे जावे. आणि मूल स्वतः मरणाबद्दल बोलत असेल तर एक दिवसही थांबू नये. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला लोक अजून इर्विनच म्हणतात, तिथे तसेच वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली मानस’च्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. औषधांची धास्ती स्वाभाविक आहे, तथापि अमेरिकेत ७ ते १७ वयोगटातील ४८८ मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवड्यांनी विचार व वर्तनावरील उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के, केवळ औषध घेतलेल्यांपैकी ५५ टक्के आणि दोन्ही मिळून घेतलेल्यांपैकी ८१ टक्के मुले स्पष्टपणे सुधारली. औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. औषध कधी लागते आणि कधी नाही हे डॉक्टर ठरवतील, परंतु सुरू केलेले औषध त्यांना न विचारता मध्येच तोडू नये.

सुधारलेले मूल दिवाळीच्या सुटीनंतर किंवा पुढच्या जूनमध्ये पुन्हा पोट धरून बसले तर सारे वाया गेले असे समजू नये. टाळण्याची सवय सुटीत पुन्हा मूळ धरते, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि त्या वेळी वरच्या पायरीवरून नव्हे तर मधल्या पायरीवरून सुरुवात करता येते. पेरणीची धांदल उडण्याआधी, शाळा उघडायला आठवडा असतानाच, एका संध्याकाळी मुलासोबत फाट्यापर्यंत जाऊन यावे, परतीच्या बसची वेळ त्याच्याकडूनच वदवून घ्यावी आणि घरी येता येता भेव किती रुपयांचे झाले ते विचारावे.